पाऊस लागला की आरसीसीबी पडतो, वायरमन म्हणतो काढून टाकू

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. मागं वायरिंग बदललं तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. आठ दिवस झड लागलीय आणि तो दिवसातनं चार-पाचदा पडतोय. एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचे छोटे स्विच, मात्र एकही पडत नाही. वॉशिंग मशीनची पिन काढून ठेवली तरी तेच. काल मशीनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, उजव्या भोकाशी तपकिरी डाग दिसला. शेजारच्या भिंतीला हात लावला तर गार ओल. वायरमन म्हणतो, आरसीसीबी काढून डायरेक्ट जोडतो, कटकट मिटंल. सासूबाई ओल्या हातानं मशीन लावतात, घरात चार वर्षांची पोरगी. माझं मन घेत नाही. काय करू?

उत्तर १
ताई, काढू देऊ नका! फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलमधनं तेवढाच परत यायला पाहिजे. मधेच ओल्या भिंतीतनं किंवा माणसातनं जमिनीत गेला, की आरसीसीबी पडतो. एमसीबी फक्त जादा लोड आणि शॉर्ट सर्किट बघतो, म्हणून तो गप्प आहे. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. कुठल्या लाईनला पडतो ते कळंल. सगळे पाडूनही पडला तर न्यूट्रल अर्थला टेकलाय का ते तपासायला सांगा. कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, तो पाडला तरी न्यूट्रल तुटत नाही.

उत्तर २
तीस वर्षं वायरमनकी केली. डाग म्हणजे स्क्रू ढिला होऊन सॉकेट तापलाय, तो बदलाच. पण ओल्या बॉक्समध्ये नवा बसवून उपयोग नाही, आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा. मेन पाडून, टेस्टरनं खात्री करूनच उघडायचं. जळकं टोक कापून तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागं सोला. समोरनं बघताना उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल, वरच्या मोठ्या भोकाला अर्थ. माणूस मात्र दुसरा बघा.

पुन्हा मीच
दोघांचेही मनापासून आभार. दुसरे वायरमनकाका आले. मशीनचीच लाईन निघाली. पत्र्याचा बॉक्स गंजलेला, त्याच्या धारेवर फेजच्या वायरचं कव्हर नखभर सोललेलं. गच्चीच्या पाइपाचा सांधा गळून पाणी तिथवर उतरत होतं. सांधा भरला, भिंत वाळेपर्यंत चार दिवस ती लाईन बंद ठेवली, मग प्लॅस्टिकचा बॉक्स आणि शटरवाला सॉकेट बसवला. काकांनी आरसीसीबीचं टेस्ट बटण सासूबाईंनाच दाबायला लावलं. खटकन पडला. आता दर महिन्याला त्याच दाबणार म्हणतात. कालच्या मुसळधार पावसात एकदाही पडला नाही.