गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शेळीचं दूध चालतं का?

सायली_सं:
माझा मुलगा १० महिन्यांचा आहे. गाईच्या दुधाची पेज दिली आणि अर्ध्या तासात तोंडाभोवती गांधी उठल्या, उलटीपण झाली. डॉक्टरांनी दूध आणि दुधाचे पदार्थ बंद केलेत, टेस्ट व्हायची आहे. सासूबाई म्हणतात शेळीचं दे, हलकं असतं, प्रतिकारशक्ती पण वाढते, गावाकडे दारात शेळ्या आहेतच. थोडं देऊन बघू का? कोणाला अनुभव आहे?

माळरान:
आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत, घरात सगळे हेच दूध पितात. पचायला हलकं म्हणतात ते माझ्या वडिलांच्या बाबतीत तरी खरंय, गाईच्या दुधाने त्यांचं पोट फुगतं, याने नाही. पण बाळाच्या अंगावर गांधी उठल्यात ना, मग मी तरी दूध द्या म्हणणार नाही.

आहारतज्ज्ञ_पुणे:
सायली, प्लीज घरी ट्राय करू नकोस. ॲलर्जी दुधातल्या प्रोटीनची असते, केसीन वगैरे, आणि गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची ही प्रोटीन्स इतकी सारखी असतात की शरीर त्यांना एकच समजतं. १९९९ साली इटलीत गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या २६ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेळीचं दूध देऊन पाहिलं, २४ मुलांना रिॲक्शन आली. काही शेळ्यांच्या दुधात अल्फा-एस-वन हा केसीनचा एक प्रकार कमी असतो, चरबीचे कण बारीक असतात, म्हणून दही मऊ लागतं आणि काहींना पचायला बरं वाटतं, पण पचन वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, इथेच सगळ्यांची गल्लत होते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तीही त्यात असतेच, जरासं कमी एवढंच.

प्रतिकारशक्तीचं म्हणशील तर शेळीच्या दुधात ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या छोट्या साखळ्या, गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना ती उपयोगी पडतात, लॅबमध्ये पेशींवर परिणामही दिसलेत. पण त्यावरून बाळाची ॲलर्जी कमी होईल असं अजिबात म्हणता येत नाही. शिवाय त्यात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं एक बी जीवनसत्त्व, फारच कमी असतं, नुसत्या या दुधावर वाढलेल्या बाळांना ॲनिमिया झालेला आहे.

सायली_सं:
थँक्यू ताई. मग वरचं काय देऊ? माझं दूध चालू आहे.

आहारतज्ज्ञ_पुणे:
चालूच ठेव, तेच सगळ्यात चांगलं. तुझ्या जेवणातून दूध बंद करायचं का ते डॉक्टर सांगतील, मनाने करू नकोस. पावडर लागलीच तर एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड म्हणून मिळते, त्यात प्रोटीन बारीक तोडलेलं असतं, त्यानेही त्रास झाला तर अमिनो ॲसिडवाली, म्हणजे प्रोटीनचे अगदी सुटे घटक असलेली. महाग आहे हे मान्य, पण लिहून घेतल्याशिवाय आणू नकोस. वरणभात, नाचणी, भाज्या चालू दे, आणि बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स' लिहिलंय का ते दरवेळी वाच. पुन्हा चुकून पोटात गेलं आणि श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट हॉस्पिटल गाठ, घरी थांबू नकोस.

माळरान:
आणि घरात बाकीचे कोणी शेळीचं पीत असतील तर उकळूनच प्या. धारोष्ण पिण्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा जिवाणूंचा आजार होतो, ताप महिनोन् महिने जात नाही. डेंग्यूच्या सीझनला लोक आमच्याकडे कच्चं दूध मागायला येतात, प्लेटलेट वाढतात म्हणून. मी कच्चं देत नाही.