शीर्षकात ग्रॅफीन, दाव्यात ग्रॅफाइट: पहिला कोड कोणता?

प्रश्न
पेटंट अर्जाचा पहिला दावा (कशावर हक्क हवा ते सांगणारं कलम) असा: नैसर्गिक पत्री ग्रॅफाइट गंधकाम्ल आणि ऑक्सिडीकारकात भिजवायचं, धुऊन वाळवायचं, ९०० अंश सेल्सिअसला झटक्यात तापवून फुगवायचं, मग द्रवात अल्ट्रासाउंड देऊन थर सुटे करायचे. जाडी '३० नॅनोमीटरपर्यंत'. शीर्षक 'ग्रॅफीननिर्मिती', शेवटच्या दाव्यात लिथियम बॅटरीचा अ‍ॅनोड. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणातला (आयपीसी) सी०१बी ३२/१९ (थर सुटे करून ग्रॅफीन, म्हणजे कार्बनचे अगदी पातळ थर, बनवणं) द्यावा की ३२/२२५ (ग्रॅफाइट फुगवणं, त्याचे थर सुटे करणं)? शोध घेताना जुना ३१/०४ किती कामाचा?

उत्तर १
शीर्षक बाजूला ठेवा, आकडा बघा. ग्रॅफाइटच्या दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणजे ३० नॅनोमीटरला जवळपास ९० थर झाले. ग्रॅफीन म्हणायचं तर साधारण १० थरांच्या आत हवं. तेव्हा पहिला ३२/२२५, आणि आम्ल थरांत शिरवण्याच्या पायरीसाठी ३२/२२. पण 'पर्यंत' या शब्दाला खालची सीमा नाही. उदाहरणांत १० थरांखालचा माल खरोखर मोजून दाखवला असेल, तर ३२/१९सुद्धा द्या. क्ष-किरण आलेखात (तांब्याचं लक्ष्य) २६.५ अंशांजवळचं टोकदार शिखर हा ग्रॅफाइटचा पुरावा, फक्त नमुना वाळवलेला होता का ते वाचा. वाळताना पातळ थर पुन्हा एकमेकांवर बसतात आणि शिखर परत येतं.

उत्तर २
ऑक्सिडीकारक कोणता आणि किती, हे आधी तपासा. घोळ बहुतेक इथेच होतो. गंधकाम्लासोबत भरपूर पोटॅशियम परमँगनेट असेल आणि शिखर १० ते ११ अंशांकडे सरकलं असेल, तर ते ग्रॅफाइट ऑक्साइड झालं. मग ३२/२३ लागतो, आणि त्यापासून ग्रॅफीन केलं असेल तर ३२/१९ऐवजी ३२/१९२. अ‍ॅनोडचा स्वतंत्र दावा असेल तर एच०१एम ४/५८७ द्या. वर्णनात नुसता उल्लेख असेल तर तो अतिरिक्त माहितीत जाईल. नॅनोतंत्रज्ञानाचे बी८२वाय ३०/०० किंवा ४०/०० एकटे कधीच देऊ नका, ते मुख्य कोडासोबत द्यायचे जोडकोड आहेत.

उत्तर ३
३१/०४ हा ग्रॅफाइटचा जुना कोड. आयपीसीच्या २०१७.०१ आवृत्तीत कार्बनसाठी ३२/०० आला. जुन्या छापील पानांवर मात्र ३१च दिसेल, त्यामुळे छापील कोडावर शोध घेत असाल तर दोन्ही टाका. '३२/०० व खालचे सगळे' असा शोध घेऊ नका. ३२/४०पासून कार्बन मोनॉक्साइड, पुढे डायऑक्साइड, ३२/९०पासून कार्बाइड, नको ते सगळं येतं. ३२/३९ला थांबा.

उलट मूलद्रव्यी कार्बनचे काही प्रकार ३२मध्ये नसतातच: कार्बन ब्लॅक सी०९सी १/४८, कार्बन तंतू डी०१एफ ९/१२, बाष्पातून बसवलेला हिऱ्याचा थर सी२३सी १६/२७, एकस्फटिक हिरा सी३०बी २९/०४. हिऱ्याच्या शोधात ३२/२५वर थांबणाऱ्यांच्या हातून लेपाची पेटंटं निसटतात ती यामुळेच.