पीपी + कार्बन ब्लॅकचा ईएसडी ट्रे: तळ पास, भिंती नापास

वाळूज_मोल्डर

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत सर्किट बोर्ड ठेवायच्या ईएसडी (स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या) ट्रेचं काम आहे. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर पृष्ठभागाचा प्रतिरोध १०^६ ते १०^९ ओम दिलाय. मटेरियल पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कोपॉलिमर, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतं त्याचा आकडा) १२. त्यात ३५ टक्के लोडिंगचा काळा कंडक्टिव्ह मास्टरबॅच (कार्बन ब्लॅक आधीच भरलेले दाणे) एकूण १०० किलो मिश्रणात ४० किलो, म्हणजे कार्बन १४ टक्के. बॅरल २१० अंश, साचा ३० अंश, इंजेक्शन वेगात.

तळ (२.५ मिमी) १०^६ दाखवतो. १.२ मिमीच्या उभ्या भिंती १०^११ च्या वर. लॉट बदलला की तळही १०^९ वर जातो. मास्टरबॅच ४५ किलो केला तर तळ १०^४ वर येतो आणि भिंती तरीही पास होत नाहीत. कार्बन वाढवत राहायचं की दुसरीकडे बघायचं?

कंपाउंडर_चिकलठाणा

दादा, कार्बन वाढवणं आधी थांबवा. तुमची अडचण टक्केवारीत नाही, कणांच्या जाळ्यात आहे.

पीपी स्वतः विद्युतरोधक. वीज जाते ती कार्बनच्या साखळ्यांतून. दोन साखळ्यांमधलं पॉलिमरचं अंतर काही नॅनोमीटरवर आलं की इलेक्ट्रॉन पलीकडे जातो, त्याहून जास्त असलं तर अडतो. कार्बन कमी असताना साखळ्यांची बेटं सुटी राहतात. एका ठरावीक प्रमाणाला ती जोडली जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते. हाच परकोलेशन थ्रेशोल्ड. तिथे एक-दोन टक्क्यांच्या फरकाने प्रतिरोध पाच-सहा दशकं (एक दशक म्हणजे दहापट) खाली येतो. तुमचं १०^६ ते १०^९ नेमकं या उतारावर आहे. म्हणूनच ४० किलोला एक आकडा आणि ४५ ला भलताच.

हिशोब वजनावर नको, आकारमानावर करा. कार्बनची घनता १.८, पीपीची ०.९ धरली तर वजनाने १४ टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम साडेसात टक्के. एवढ्यात जाळं होईल की नाही हे ब्लॅकच्या ‘स्ट्रक्चर’वर, म्हणजे कण किती फांद्या फुटलेल्या गुच्छात आहेत त्यावर ठरतं. पुरवठादाराकडून तेलशोषणाचा आकडा घ्या, तो जास्त म्हणजे स्ट्रक्चर जास्त. टायरमधल्या एन३३० चा १०० मिली प्रति १०० ग्रॅमच्या आसपास असतो, चांगल्या कंडक्टिव्ह ग्रेडचा १७० च्या पुढे, अति-उच्च स्ट्रक्चरच्या ग्रेडचा ३०० च्या पुढे. लॉटप्रमाणे तळाचा आकडा हलतोय, तर मास्टरबॅचमध्ये ब्लॅकचा ग्रेड किंवा लोडिंग बदलतंय का हे आधी तपासा. प्रत्येक लॉटची राख-चाचणी (पॉलिमर जाळून उरलेलं तोलणं) नायट्रोजनमध्ये करा. हवेत केली तर कार्बनही जळून जातो आणि आकडा खोटा येतो.

दुसरं, ३५ टक्के भरलेला मास्टरबॅच वितळल्यावर फार घट्ट असतो. एमएफआय १२ च्या पातळ पीपीत इंजेक्शन मशीनचा आखूड स्क्रू तो नीट पसरवू शकत नाही. ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मिक्सिंग मशीनवर) केलेला तयार कंपाउंड घ्या. कार्बन साइड फीडरने (बाजूच्या तोंडातून), पीपी वितळल्यानंतर घालायला सांगा. सुरुवातीलाच घातला तर घट्ट भागात घासून गुच्छ तुटतात. जास्त मिक्सिंग म्हणजे जास्त वाहकता, हा समज इथे महागात पडतो.

साचा_आणि_प्रवाह

वरचं सगळं बरोबर. भिंतींचं कारण मात्र मुख्यतः मोल्डिंगमध्ये आहे.

थंड साच्याला लागताक्षणी वरचा थर गोठतो. तिथे घर्षण सर्वाधिक असल्यामुळे गुच्छ ताणले जातात, तुटतात आणि पुन्हा जुळायच्या आत प्लास्टिक घट्ट होतं. वर पॉलिमरचं प्रमाण जास्त असलेली स्किन राहते, आत जाळं शाबूत. भिंत पातळ तितकी स्किनची वाटणी मोठी. मीटरला मात्र स्किनच दिसते.

खात्री करायला दोन चाचण्या. भिंतीचा तुकडा बारीक एमरीने ०.१ मिमी घासा, पुसा, मोजा. प्रतिरोध तीन-चार दशकं उतरला तर दोष स्किनचा. मग नापास ट्रेचे तुकडे हॉट प्रेसमध्ये २०० अंशांवर १० मिनिटं धरून २ मिमी शीट करा आणि हळू थंड करा. वितळलेल्या अवस्थेत कार्बन पुन्हा एकत्र येतो. शीट १०^४ वर आली तर मटेरियल ठीक आहे, सेटिंग चुकतंय. शीटही १०^९ वर राहिली तर पुरवठादाराशी बोला.

सेटिंग असं बदला: बॅरल २३५, साचा ६० ते ६५ अंश, इंजेक्शनचा वेग निम्मा, बॅक प्रेशर फक्त दाणा नीट भरेल इतकं. गेट (साच्यात प्लास्टिक शिरायचं तोंड) लहान असेल तर मोठं करा, कारण गेटमधलं घासणं कुठल्याही सेटिंगने भरून निघत नाही. सायकल लांबेल, त्याला इलाज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीच भिंत मोजा. दाणा ८० अंशांवर तीन-चार तास वाळवा. पीपी पाणी धरत नाही, पण कार्बन धरतो आणि भिंतीवर चंदेरी रेघा येतात.

वाळूज_मोल्डर

एमरीने घासल्यावर भिंत १०^६ वर आली सर. शीटही १०^५ दाखवते. म्हणजे स्किनच. हे मोजमाप साध्या मल्टीमीटरच्या सुयांनी केलंय, चालेल ना? आणि रनर (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक) दळून परत वापरला तर?

ईएसडी_ऑडिट

मल्टीमीटर चालणार नाही. सुई टोचली की ती स्किन फोडून आत जाते, शिवाय त्याचा व्होल्टेज कमी. १०^६ च्या खाली १० व्होल्ट आणि वर १०० व्होल्ट लावणारं मीटर हवं. तळाला वर्तुळाकार कडीचा प्रोब, अरुंद भिंतीला दोन-बिंदू प्रोब. नमुने २३ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून मोजायचे. कडीच्या प्रोबवर ‘ओम’ आणि ‘ओम प्रति चौरस’ यांत दहापटीचा फरक पडतो, म्हणून ड्रॉइंगवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

ग्राहकाशीही बोला. आयईसी ६१३४०-५-३ मध्ये १०^४ ते १०^११ पर्यंतचा पट्टा डिसिपेटिव्ह (भार हळूहळू सोडणारा) मानतात. १०^५ चालणार असेल तर उताराच्या खालच्या, सपाट बाजूला मटेरियल बसवता येईल आणि लॉटचा त्रास बराच कमी होईल. १०^६ ते १०^९ च हवं असेल तर कार्बन सोडा. पीपीत मिसळणारं पॉलिइथर-ब्लॉक प्रकारचं कायमस्वरूपी अँटिस्टॅटिक १० ते २० टक्के घालून १०^९ च्या आसपास स्थिर राहता येतं. काठावर असाल तर आधी नमुना करून बघा. स्वस्त मोनोस्टिअरेट अँटिस्टॅटिकवर मात्र जाऊ नका. ते हवेतली ओल धरून काम करतं. पावसाळ्यात पास होईल आणि एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी मराठवाड्यात नापास.

कंपाउंडर_चिकलठाणा

रीग्राइंड (दळलेला रनर) २० टक्क्यांच्या वर नको. प्रत्येक फेरीत गुच्छ तुटतात आणि भिंत पुन्हा वर जाते. काळ्या रंगाचा साधा मास्टरबॅच किंवा दुसऱ्या भागाचा काळा रनर तर अजिबात मिसळू नका, तो फक्त रंग देतो, वाट देत नाही. कार्बन नॅनोट्यूबचा (अतिसूक्ष्म नळ्यांचा) पर्याय कुणीतरी सुचवेलच. २-३ टक्क्यांत काम होतं आणि ट्रे घासला तर काळं कमी सुटतं, पण लांब नळ्याही वेगाच्या प्रवाहात दिशा धरतात, म्हणजे स्किनचा प्रश्न तिथेही उरतो. आधी साचा ६० अंशांवर नेऊन बघा. ट्विन स्क्रूवर ५-१० किलोची ट्रायल हवी असेल तर चिकलठाण्याच्या सिपेटमध्ये (केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेत) सोय आणि दर विचारून घ्या.