कवळ्या, चष्मे आणि एक राजीनामा: अन्युरिन बेव्हन बरोबर होते का?

नोंदवही (धागा लेखक)

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते अन्युरिन बेव्हन यांचे नाव निघाले की सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. त्याच वेळी एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा दिलेला राजीनामा ही तापट आणि अहंकारी माणसाची कृती होती, असेही ठामपणे सांगितले जाते. हे दुसरे विधान मला मान्य नाही. तो राजीनामा योग्य होता आणि त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेशी सुसंगत होता, असे माझे मत आहे. विरोधी मतांचे स्वागत आहे.

आधी घटनाक्रम सांगतो. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकेच्या आग्रहामुळे पंतप्रधान क्लेमंट अॅटली यांच्या मजूर सरकारने जानेवारी १९५१ मध्ये तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चाचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी पैसा उभा करताना अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी १० एप्रिलच्या अर्थसंकल्पात असा प्रस्ताव मांडला, की तोवर मोफत मिळणाऱ्या कवळ्या आणि चष्मे यांची निम्मी किंमत यापुढे रुग्णाने भरावी. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड, तर सरकारचा एकूण खर्च होता सुमारे ४०० कोटी पौंडांचा. बेव्हन त्या वेळी आरोग्यमंत्री नव्हते, जानेवारीतच त्यांच्याकडे कामगार खाते आले होते. तरीही ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि त्यांच्यापाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही राजीनामे दिले.

एवढ्याशा रकमेसाठी एवढा टोकाचा निर्णय का घेतला, हे समजण्यासाठी माणूस कुठून आला होता ते पाहावे लागते. दक्षिण वेल्समधील ट्रेडीगर या कोळशाच्या गावात १८९७ साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते खाणीत कामाला लागले. बोलताना ते अडखळत असत, आणि त्यावर त्यांनी भरपूर वाचन व भाषणांचा सराव करून मात केली. त्यांचे वडीलही खाणकामगार होते. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन १९२५ साली ते मुलाच्या हातांत गेले, आणि तो आजार त्या काळी भरपाईस पात्र आजारांच्या यादीत नसल्यामुळे कुटुंबाला काहीही मिळाले नाही.

त्याच गावात कामगारांनी स्वतः चालवलेली एक वैद्यकीय साहाय्य संस्था होती. पगारातील प्रत्येक पौंडामागे काही पेन्स वर्गणी कापली जायची आणि त्या बळावर डॉक्टर, औषध, दवाखाना, गरज पडल्यास दात आणि चष्मासुद्धा मिळायचा. वर्गणी प्रत्येकाच्या कमाईप्रमाणे आणि उपचार प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे, असा तो व्यवहार होता. त्या गावच्या रुग्णालय समितीवर बेव्हन यांनी काम केले होते. ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी देशभर जे सुरू केले, त्याचा नमुना त्यांनी वीस वर्षे आधी स्वतःच्या गावात पाहिला होता.

कवळी आणि चष्मा या किरकोळ गोष्टी आहेत, असे आज कोणाला वाटेल. त्या आधीच्या काळात गरीब माणूस चष्म्यासाठी वूलवर्थच्या दुकानात जायचा, काउंटरवर मांडलेले चष्मे एकामागून एक डोळ्यांवर चढवून पाहायचा आणि ज्यातून अक्षरे त्यातल्या त्यात बरी दिसतील तो विकत घ्यायचा. डोळे तपासणारे कोणी नसायचे. दात किडले की उपटून टाकायचे आणि कवळीला पैसे नसतील तर हिरड्यांनी खायचे. सेवा सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. टीकाकारांनी याला उधळपट्टी म्हटले, पण मला त्या आकड्यात वर्षानुवर्षे साचलेली गरज दिसते.

उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशाकडे पाहायचे नाही, हे या सेवेचे मूळ तत्त्व होते. ते एकदा मोडले की कुठे थांबायचे याला काही आधार उरत नाही. राजीनाम्याच्या भाषणात बेव्हन यांनी सभागृहाला हेच विचारले होते, की ४०० कोटींतील १ कोटी ३० लाखांसाठी आज आरोग्य सेवेला कात्री लावणारा अर्थमंत्री पुढच्या वर्षी काय करील. पुढच्या वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर एक शिलिंग आकार (शुल्क) बसवला.

अर्थान्वय

लेख मनापासून लिहिला आहे, परंतु बेव्हन यांच्या बाजूला अडचणीचे ठरणारे बरेच काही त्यातून वगळले गेले आहे.

पहिली बाब १९४९ सालची. त्या वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर आकार बसवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा आरोग्यमंत्री स्वतः बेव्हन होते. तो अधिकार त्यांनी वापरला नाही हे खरे, पण ज्या तत्त्वासाठी १९५१ मध्ये सरकार पणाला लावले, ते तत्त्व कायद्याच्या पुस्तकात त्यांच्याच कारकिर्दीत सैल झाले होते. १९५२ सालच्या ज्या शिलिंगाचा आपण उल्लेख केला आहे, त्याचा कायदेशीर पाया तिथे आहे. त्याचे खापर गेट्सकेल यांच्या कवळ्यांवर फोडता येत नाही.

दुसरी बाब शस्त्रसज्जतेची. १५ फेब्रुवारी १९५१ रोजी, म्हणजे राजीनाम्याच्या जेमतेम दोन महिने आधी, बेव्हन यांनीच हाउस ऑफ कॉमन्समध्ये सरकारच्या संरक्षण धोरणाचे समर्थन करणारे भाषण केले होते, आणि ते त्यांच्या उत्तम भाषणांपैकी एक मानले जाते. एप्रिलमध्ये तोच कार्यक्रम अशक्य असल्याचे त्यांनी सांगितले.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे, पण टाळता येत नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स आजारपणामुळे पायउतार झाले तेव्हा अर्थखाते गेट्सकेल यांना मिळाले, जे १९४५ मध्ये प्रथमच निवडून आले होते. मार्च १९५१ मध्ये अर्नेस्ट बेव्हिन (नाव मिळतेजुळते असले तरी हे वेगळे मंत्री) यांच्याकडून परराष्ट्र खाते निघाले ते हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे गेले. १९२९ पासून खासदार असलेल्या आणि सरकारची सर्वांत मोठी कामगिरी ज्यांच्या नावावर होती अशा बेव्हन यांना दोन्ही वेळा डावलले गेले. हा अपमान त्यांना लागला नसेल, असे मानणे कठीण आहे.

शिवाय त्या अर्थसंकल्पात केवळ कपात नव्हती. आयकराचा दर वाढवून श्रीमंतांवर भार टाकला होता, वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढवले होते, लहान मुलांचे चष्मे आकारातून वगळले होते आणि सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना आकाराची रक्कम परत मिळण्याची सोय होती. आरोग्य सेवेचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे जाऊन वर्षाला ४० कोटी पौंडांजवळ पोहोचला होता. कोणत्याही अर्थमंत्र्याला कुठेतरी रेषा आखावीच लागली असती.

कोळशाची वाट

अर्थान्वय यांचा १९४९ चा मुद्दा बिनतोड आहे आणि बेव्हन यांच्या समर्थकांनी तो मान्य केला पाहिजे. मात्र अर्थकारणाच्या बाजूने पाहिले तर एप्रिल १९५१ मध्ये बेव्हन यांचे म्हणणे गेट्सकेल यांच्यापेक्षा जास्त अचूक होते.

राजीनाम्याच्या भाषणाचा मोठा भाग दातांविषयी नव्हता, कच्च्या मालाविषयी होता. जगभर टंचाई आहे, अमेरिका साठे करत आहे, भाव चढत आहेत, यंत्रसामग्री वेळेवर मिळणार नाही, म्हणून ४७० कोटी पौंड ठरलेल्या मुदतीत खर्च होऊच शकणार नाहीत आणि तसा प्रयत्न केला तर नागरी उद्योगांचे व निर्यातीचे नुकसान होईल, अशी त्यांची मांडणी होती. त्याच वर्षी आयात-निर्यातीच्या तुटीचे गंभीर संकट आले. ऑक्टोबरमध्ये सत्तेवर आलेल्या चर्चिल यांना डिसेंबरमध्ये सभागृहात सांगावे लागले, की हा कार्यक्रम ठरलेल्या काळात पूर्ण होणार नाही. बेव्हन यांचे हेतू फारसे चांगले नसतील, पण योगायोगाने ते बरोबर ठरले, अशा आशयाची कबुलीही त्यांनी दिली. ज्या चर्चिल यांना युद्धकाळात बेव्हन यांनी भर सभागृहात सुनावले होते, की पंतप्रधान एकामागून एक वादविवाद जिंकतात आणि एकामागून एक लढाया हरतात, त्यांच्याकडून ही कबुली आली होती. ज्या खर्चासाठी कवळ्यांवर आकार बसवला तो खर्च ठरल्याप्रमाणे झालाच नाही, तेव्हा आकाराची निकड किती होती हे उघड आहे.

आरोग्य सेवा हाताबाहेर गेल्याचा आक्षेपही टिकत नाही. हुजूर सरकारनेच नेमलेल्या गिलबॉ समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा असे आढळले की राष्ट्रीय उत्पन्नातील या सेवेच्या खर्चाचा वाटा १९४९-५० मधील ३.७५ टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर आला होता.

जुना सभासद

बेव्हन यांचे आकडे बरोबर होते असे क्षणभर धरून चालू. तरीही राजकारणी माणसाला आपल्या कृतीचे परिणाम पाहावे लागतात. मंत्रिमंडळात बसून कार्यक्रमाला हळूहळू आळा घालता आला असता, बाहेर पडून काय साधले?

ती वेळ कोणती होती ते लक्षात घ्या. अॅटली जठराच्या आजाराने रुग्णालयात होते. अर्नेस्ट बेव्हिन १४ एप्रिलला वारले. लोकसभागृहातील बहुमत इतके तोकडे होते, की आजारी सदस्यांनाही मतदानासाठी आणावे लागत असे. अशा वेळी ज्येष्ठ मंत्र्याने बाहेर पडून सहकाऱ्यावर वैयक्तिक टीका करावी, आणि नंतर पक्षाच्या खासदारांच्या बैठकीत संतापून ‘माझी आरोग्य सेवा’ अशी भाषा करावी, हे जबाबदार नेत्याचे वर्तन म्हणता येत नाही. सहा महिन्यांत निवडणूक झाली. मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख आणि हुजूर पक्षाला १ कोटी ३७ लाख मते पडली, पण जागा मात्र २९५ विरुद्ध ३२१ अशा आल्या आणि मजूर पक्ष तेरा वर्षे सत्तेबाहेर राहिला. इतक्या अटीतटीच्या लढतीत दुभंगलेल्या पक्षाला किती किंमत मोजावी लागली असेल याचा विचार व्हावा. पुढची काही वर्षे बेव्हनवादी आणि गेट्सकेलवादी यांच्या भांडणात गेली. १९५५ च्या नेतेपदाच्या निवडणुकीत गेट्सकेल यांना १५७ आणि बेव्हन यांना ७० मते मिळाली, तो पक्षाने दिलेला निकालच होता.

जुलै १९४८ मध्ये, आरोग्य सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मँचेस्टरच्या सभेत त्यांनी हुजूर पक्षीयांना किड्यामुंग्यांहून नीच म्हटले होते. स्वतःच्या विजयाच्या दिवशी विरोधकांच्या हाती कोलीत देण्याचा हा स्वभाव १९५१ मध्येही दिसतो.

ग्वेंट निवासी

मी बरीच वर्षे दक्षिण वेल्समध्ये राहतो आणि माझ्या आजूबाजूला आरोग्य सेवेत काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत, म्हणून एवढेच नोंदवतो. २००७ पासून वेल्समध्ये औषधाच्या चिठ्ठीला एक पेनीही पडत नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठी द्यायची, नाव-पत्ता सांगायचा आणि पिशवी घेऊन निघायचे. उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये तेच केले. इंग्लंडमध्ये मात्र आकार आहे. १९५१ चा वाद इतिहासजमा झालेला नाही, त्याची दोन्ही उत्तरे आजही एकाच बेटावर शेजारी शेजारी चालू आहेत.

नोंदवही (धागा लेखक)

अर्थान्वय, १९४९ च्या कायद्याबद्दल आपण लिहिले ते योग्य आहे. पण अधिकार कागदावर राहू देणे आणि आकार प्रत्यक्ष वसूल करणे यांत रुग्णाच्या दृष्टीने सगळा फरक आहे. बेव्हन यांनी तेव्हा माघार घेतली ती अंमलबजावणी टाळण्यासाठी, आणि अंमलबजावणी टळली.

सरकारी साहाय्यावरील लोकांना पैसे परत मिळणार होते, या मुद्द्यावर मात्र माझा तीव्र आक्षेप आहे. पैसे परत मिळवण्यासाठी आपण गरीब आहोत हे सिद्ध करावे लागते. १९३० च्या दशकात बेकार खाणकामगारांच्या घरी तपासनीस येत, घरात कोण किती कमावतो ते विचारत आणि मुलाला मजुरी मिळत असेल तर बापाचा भत्ता कापत. ज्या बेव्हन यांच्या मतदारसंघाने, एब्बू व्हेलने, ती तपासणी घराघरांत सोसली त्यांना ‘परत मिळण्याची सोय’ ही सवलत कशी वाटेल?

जुना सभासद, आत राहून आळा घालण्याचा प्रयत्न झाला होता. खर्चाला ४० कोटींची मर्यादा घाला, पण आकार नको, अशी तडजोड मंत्रिमंडळात सुचवली गेली. गेट्सकेल यांनी ती मानली नाही आणि आकार वगळला तर आपणच राजीनामा देऊ असे सांगितले. राजीनाम्याची धमकी दोन्ही बाजूंनी होती, मग हट्टाचा दोष एकट्या बेव्हन यांच्या माथी का? आणि ३ एप्रिलला बर्मंडसी येथील सभेत, रुग्णांवर आकार बसवणाऱ्या सरकारात आपण राहणार नाही, असे ते जाहीरपणे बोलून चुकले होते. त्यानंतर खुर्चीत बसून राहणाऱ्या मंत्र्यावर कामगारांनी विश्वास का ठेवावा?

जुना सभासद

तडजोड नाकारण्यात गेट्सकेल यांची चूक झाली, हे मी मान्य करतो. पण जाहीर सभेत दिलेला शब्द हा माझ्या मते त्यांचा बचाव होत नाही. मंत्रिमंडळात विषय खुला असताना एका मंत्र्याने व्यासपीठावरून स्वतःचे परतीचे दोर कापले, आणि मग तेच तुटलेले दोर कारण म्हणून दाखवले.

याच माणसाने १९५७ मध्ये ब्रायटनच्या अधिवेशनात स्वतःच्या सर्वांत निष्ठावंत अनुयायांना दुखावून एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला विरोध केला. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला वाटाघाटींच्या दालनात विवस्त्र पाठवू नका, असे त्यांनी बजावले. तेव्हा ते गेट्सकेल यांच्या बरोबरीने उभे होते, कारण सत्ता मिळवल्याशिवाय काहीच करता येणार नाही हे त्यांना पटले होते. जुलै १९६० मध्ये कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते पक्षाचे उपनेते होते आणि पक्ष अजून विरोधी बाकांवरच होता. ब्रायटनमधील हे भान त्यांना सहा वर्षे आधी आले असते तर मजूर पक्षाचा पुढचा काळ वेगळा गेला असता, असे मला वाटते, आणि नोंदवही यांच्या कोणत्याही युक्तिवादाने हे मत अजून बदललेले नाही.