उत्तर : कोल्हापूरचं प्रेस्बिटेरियन चर्च

वर कुणीतरी कोल्हापूरच्या चर्चला 'इंग्रजांचं चर्च' म्हटलंय, म्हणून लिहितो. हे अमेरिकनांचं काम. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये नगरहून कोल्हापुरात आले, तेव्हा ते प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) नव्हे, अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मिशनरी होते. पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं. बोर्डाचा कल शाळा आवरत्या घेऊन प्रचारावर भर देण्याकडे, तर वाइल्डर शाळांचे कट्टर समर्थक. शेवटी स्वतःच्या बळावर त्यांनी काही वर्षं मिशन चालवलं आणि 1870 च्या सुमारास ते प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. मला तरी या चर्चच्या इतिहासातला हाच सर्वांत रंजक भाग वाटतो. पंथ बदलला तो धर्मशास्त्रापायी नाही, शाळांपायी!

धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, आपल्याकडच्या कितीतरी घरांना या मिशनची ओळख दवाखान्यामुळे आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. मिरजेला 'डॉक्टरांचं गाव' म्हणतात, त्याची सुरुवात तिथूनच. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं.

आणि हो, आता पाटीवर 'प्रेस्बिटेरियन' शोधू नका. 1970 मध्ये अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, कोल्हापूरचा धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला विभाग) त्यातच येतो.