सिमेंटचे जुने पत्रे उतरवायचेत. नियमाने काम करायचं, की स्वस्तात फोडून टाकायचे?

साकीनाका_गाळा
आमच्या इस्टेटीत बारा गाळ्यांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, ८० सालच्या आसपासचे. नऊ गाळे धो धो गळतात, म्हणून दसऱ्यानंतर पत्रे काढायचं ठरलंय. तीन कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्तवाला म्हणतो, चार पोरं, दोन दिवस, हातोड्याने फोडून खाली टाकू, टेम्पोने नेऊ. कुठे नेणार विचारलं तर नुसता हसला. मी मीटिंगमध्ये म्हटलं, फोडले की ॲस्बेस्टॉसच्या तंतूंची धूळ छातीत जाते, न फोडता उतरवायचे, बंद पिशव्यांत भरायचे, जास्त पैसे गेले तरी चालेल. सेक्रेटरी म्हणाले, "चाळीस वर्षं ह्याच्याखाली बसलोय, काय झालं आपल्याला?" माझं काही चुकतंय का?

भांडुपचा_मिल्या
सेक्रेटरींचं बरोबर आहे. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सिमेंट. ते तंतू काही हवेत उडत बसत नाहीत. नवा पत्रा आजही दुकानात उघड मिळतो, त्यात घालतात त्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आपल्याकडे बंदी नाही. इंग्लंडने १९९९ मध्ये घातली, त्यांना परवडतं. विष असतं तर सरकारने विकू दिलं असतं?

निवृत्त_सेफ्टीवाला
सरकारचा दाखला देऊ नका, फसाल. देशातल्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये थांबवलं आणि माल रशियाकडून आणायला मोकळीक ठेवली. म्हणजे खणायला वाईट, छपरावर घालायला चांगला!
अखंड पत्र्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. जो गळत नाही, फुटला नाही, त्याला हात लावू नये. भोक पाडू नये, ब्रशने घासू नये, रंग मारून सोडून द्यावा. पण इथे हातोडा चालणार आहे. आणि "काय झालं" हे चाळीस वर्षं खाली बसलेल्याला विचारून काय उपयोग? धूळ फोडणाऱ्याच्या छातीत जाते, आणि रोग दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा सुटल्यावर पंधरा वर्षं, ह्यातलं जे उशिराचं असेल तोवर ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही. आता नाक्यावरून आणलेल्या चार पोरांची नोंद कोण ठेवणार? संध्याकाळी रोजी दिली की त्यांचं नावही कुणाला आठवत नाही.

भांडुपचा_मिल्या
चार माणसांच्या कामाला बांधकाम कामगार कायदा लागत नाही, दहा लागतात. त्या कायद्याने सोसायटी बांधील नाही.

साकीनाका_गाळा
बांधील नाही हे कळलं. मी काय करावं, ते विचारतोय.

छप्परवाला
हेच काम मी करतो, म्हणून बोलतो. कागदावर "धूळ उडू नये म्हणून पाणी मारा" लिहिणं सोपं आहे हो. जुन्या पत्र्यावर शेवाळ असतं, त्यावर पाणी मारलं की माणूस घसरला. मला तंतूची नाही, पायाची भीती. चाळीस वर्षांचा पत्रा वजन घेत नाही, पाय पडला की थेट खालच्या मशीनवर. तुमचा कॅन्सर नंतर येईल, पोरगं आज मरेल. आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. फोडायला दोन मिनिटं, सोडवायला वीस. ते सगळं धरून कोटेशन दिलं की तुम्ही लोक खालचं उचलता. मग नियम मी मोडला म्हणायचं?

निवृत्त_सेफ्टीवाला
अहो, म्हणून तर वर चढायचंच नाही. गाळ्यात परांची उभारा, खालून बोल्ट कैचीने तोडा, पत्रा अख्खा खाली घ्या. पाणी नळीने नाही, फवाऱ्याने, हलकं. कटर बंद. खाली कोरडा झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही, पी-१०० म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो, आणि दाढी असली तर तोही नीट बसत नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचरा म्हणून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात.

छप्परवाला
अख्खे उतरवले तर तळोजा कशाला? भंगारवाला रोख देईल. कुठेतरी शेडवर परत चढतात.

भांडुपचा_मिल्या
हे बघा, खर्च निघाला!

मुलुंडची_लेक
चार पोरांची नोंद कोण ठेवणार, ते वाचून लिहायला बसले. बाबा एका कारखान्यात बॉयलरला ॲस्बेस्टॉसचा लेप लावायचे. घरी आले की आई त्यांचा शर्ट गॅलरीत झटकायची, मग धुवायची. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर बाबांना नाही, आईला झाला. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "कुठे नोकरी केलीत?" ती म्हणाली, "कुठेच नाही." बाबांचं नाव रजिस्टरात तरी होतं. तुमची ती चार पोरं त्याच शर्टावर लोकलने घरी जाणार. कपडे तिथेच बदलायची सोय करा, एवढंच सांगायचं होतं.

भांडुपचा_मिल्या
ताई, वाईट वाटलं. कपड्यांचं मान्य. तरी परांचीचा खर्च बारा गाळ्यांवर टाकणं मला जास्तच वाटतं, तीन गाळ्यांचे पत्रे तर धड आहेत.

साकीनाका_गाळा
ते तीन राहू देऊ, रंग मारून. बाकी नऊ. रविवारच्या मीटिंगला नवं कोटेशन मागतो: परांची, मास्क, कपडे, पिशव्या, तळोज्याची पावती, प्रत्येकाचा वेगळा आकडा. आकडा वेगळा दिसला की तो कापायला हात वर कोण करतो, तेही दिसेल.

छप्परवाला
पाठवतो. परांचीचं भाडं दिवसावर पडतं, दोन दिवसांचं काम सहावर जाईल, हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा. आणि ॲडव्हान्स लागेल.