छोटा हाथीचं इंजिन घरी बांधायचंय, घाटासाठी ताकदही वाढवता येईल का?

सुदामानगरवाला
नमस्कार मंडळी. टाटा एस, जुनं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल. सकाळी निळा धूर, ऑइल भरायचं झाकण काढलं की भकभक वाफ, ऑइल सारखं कमी. बऱ्हाणपूरहून केळी भरून इंदूरच्या चोइथराम मंडीला येते. भेरूघाटात दम तुटतो आणि तापमानाचा काटा चढतो. चेनपुली, टॉर्क रेंच, फिलर गेज घरी आहे. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) आणि क्रँकचं काम बाहेर देणार, बाकी अंगणात. घरी बांधताना नक्की कुठं फसतं? आणि डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून (म्हणजे जास्त डिझेल सोडून) किंवा टर्बो बसवून घाटात फरक पडेल का?

मायक्रोमीटर
आधी बांधणीचं बोलू. इंजिन खोलताना कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅपवर एकाच बाजूला नंबर ठोका. कॅप अदलाबदल झाली किंवा उलटी बसली, तर बेअरिंग लगेच जातं.

या इंजिनाचं बोअर ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७९.५. इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेलचंही हेच माप, हे निम्मं इंजिन आहे. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजून घ्या. झीज सगळ्यात जास्त वर, जिथून टॉप रिंग परत फिरते तिथे असते. वरच्या आणि खालच्या मापात ०.१५ मिमीच्या आसपास फरक आला, तर नुसत्या रिंगा बदलून काही होत नाही. चार महिन्यांत धूर परत.

बोअर करायचं ठरलं तर पिस्टन आधी विकत घ्या आणि ते हातात देऊनच ब्लॉक सोडा. छोटी ग्वालटोलीत स्टँडर्ड, पाव आणि अर्धा मिमी ओव्हरसाइज विचारा. पिस्टनला किती क्लिअरन्स (भिंतीपासूनची फट) ठेवायचा हे पिस्टन बनवणारा सांगतो, बोअरवाल्याने अंदाजाने ठरवायचं नाही.

ब्लॉक घरी आला की गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. डिझेलने नको. होनिंगचे (बोअरची भिंत दगडाने घासण्याचे) कण धातूच्या रेघांत अडकतात, डिझेल ते हलवत नाही. पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून आत फिरवा. ते करडं निघतंय तोवर धूत राहा. या एका कामात जो कंटाळा करतो, त्याच्या नव्या रिंगा पहिल्या हजार किलोमीटरमध्येच झिजतात.

रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून २५ मिमी खाली न्या, तोंडातली फट मोजा. ०.३० मिमीपेक्षा कमी नको. तापून टोकं एकमेकांना भिडली की रिंग तुटते. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, तिन्ही रिंगांची तोंडं १२० अंशांवर.

सुदामानगरवाला
क्रँक 'दहा'ला घासावा लागेल असं लेथवाला म्हणतोय.

मायक्रोमीटर
म्हणजे पाव मिमी. घासू द्या, पण जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायला सांगा. कोपरा काटकोनात घासला की क्रँक तिथेच तडकतो. परत आला की ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ करा. बेअरिंगची पाठ आणि बसायची जागा कोरडी ठेवा, ऑइल फक्त आतल्या बाजूला. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून मोजायच्या मेणासारख्या तारेने) ०.०३ ते ०.०८ मिमीच्या आत आली पाहिजे.

पंपवाला_छावणी
आता स्क्रू. भाऊ, हात लावू नका. हे बिनटर्बोचं इंजिन आहे, आत येणारी हवा ठरलेली. जास्त डिझेल दिलं तर हवेअभावी काळा धूर होतो, ताकद थोडीच वाढते आणि सायलेन्सरकडची उष्णता मात्र बरीच. पिस्टनचा माथा आणि हेडमधल्या व्हॉल्व्हच्या मधली जागा तडकते, ती इथूनच. न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं, म्हणजे वर मायक्रोमीटर भाऊंनी सांगितलेली सगळी मेहनत पाण्यात. शिवाय पीयूसीला धूर अडकतोच.

टर्बोचं तर नावच नको. पिस्टनला खालून ऑइलचा फवारा नाही, पंपाला हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल बदलायची सोय नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय असा बदल चालत नाही.

आकडा बघा. इंजिन १६ हॉर्सपॉवर, चाकापर्यंत पोचतात १३-१४. आठ टक्के चढ धरला, तर १५५० किलोच्या गाडीला ताशी २० ठेवायला ११ च्या आसपास लागतात. गाडी-माल मिळून सव्वादोन टन झाले की १५ च्या वर. मग दम तुटणारच! पेट्या कमी करा, घाट चढेल. टर्बोच्या पैशात डिझेल फवारणारे नॉझल पंपाच्या दुकानात तपासून घ्या, तांब्याचे वॉशर नवे टाका.

रेडिएटर_रिपेअर
काटा का चढतो हे कोणी विचारलंच नाही. बोरिंगचं पाणी टाकता का? त्याचा क्षार वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) बसतो. ब्लॉक उघडा आहे तोवर खरवडून काढा, रेडिएटरची जाळी उलट्या बाजूने धुवा, नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. थर्मोस्टॅट काढून टाकू नका, इथले निम्मे मिस्त्री तेच करतात. इंजिन थंड राहून ऑइलमध्ये गाळ धरतो.

सुदामानगरवाला
पटलं. स्क्रूचा विषय सोडला. हेड बसवताना?

मायक्रोमीटर
हेडच्या तळावर पोलादी पट्टी आडवी-तिरपी ठेवून ०.०५ मिमीची पाती शिरते का बघा. शिरली तर फेसिंग (तळ घासून सपाट करणं), पण कमीत कमी. ब्लॉकचा वरचा भाग घासला असेल तर पिस्टन किती वर येतो ते डायल गेजने मोजून त्या जाडीचंच गॅस्केट घ्या. व्हॉल्व्ह घासून पोर्टमध्ये रॉकेल भरा, दहा मिनिटांत खाली थेंब दिसायला नको. बोल्टच्या भोकातलं ऑइल-पाणी आधी फुंकून काढा. साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ब्लॉकच फुटतो. आवळायचं मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवेच. स्टार्टर लावण्याआधी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, कुठे अडलं तर तिथेच थांबा.

पहिल्यांदा चालवताना डिझेल बंद ठेवून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. ५०० किलोमीटरपर्यंत अर्धा लोड, घाट नाही, उभ्याने तासभर आयडल तर अजिबात नाही. भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा बसत नाहीत. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला.